अंगी न लागणारं दूध

सातव्या महिन्यात भाचीचं उष्टावण केलं. चांदीची वाटी, खीर, मामाच्या मांडीवर बाळ, मोबाइल धरून उभे असलेले दहाबारा जण. तिनं खीर छान चाटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं.

तेव्हा तिचं वजन साडेचार किलो होतं. चेहरा पांढराफटक. शी दिवसातून आठ-आठ वेळा, पातळ आणि तेलकट. आलेल्या बायका पाळण्यात डोकावायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "बाळसं नाही गं धरलं अजून." मग नजर ताईकडे वळायची.

आपल्याकडे बाळ वाढत नसेल तर चौकशी आधी आईची होते. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "दुधात कसच नाही." मग ताईला अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी, मेथी. बाळाला गुटीत वेखंड आणि जायफळ, पोटावर हिंगाचं पाणी, तिन्हीसांजेला दृष्ट. गावातल्या डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू केलं, महिन्याभरानं ते बदललं, मग लोहाचं टॉनिक दिलं. दूध पोटात जात होतं, अंगी लागत नव्हतं.

शेवटी हिमोग्लोबिन इतकं उतरलं की रक्त चढवावं लागलं. तिथून मुंबई. एका मोठ्या रुग्णालयात हाडातला मगज काढून तपासला, मग रक्ताचा नमुना जनुकीय चाचणीला गेला. काही आठवड्यांनी एका तरुण डॉक्टर बाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि नाव सांगितलं: पिअरसन सिंड्रोम. "हा मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे. बाईंच्या खाण्यापिण्याचा, दुधाचा यात काहीही संबंध नाही."

मला नववीचं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र. दोन मार्कांचा प्रश्न. आकृती काढून नावं द्या. त्या आकृतीमुळे एखादं बाळ हगवणीनं सुकून जाऊ शकतं, हे त्या पुस्तकात नव्हतं.

दुधाचा विषय तिथेच संपायला हवा होता. पण त्याच संध्याकाळी घरातल्या कुणीतरी मोबाइलवर शोधलं आणि मोठ्यानं वाचलं, "मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडूनच येतात." कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. दुधावरचा आरोप आता थेट रक्तावर गेला होता, आणि या वेळी त्याला विज्ञानाचा आधार होता.

रात्री ताईचा फोन आला. "खरंच माझ्यामुळे का गं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. ते शोधायला मी जे वाचत गेले, ते हे.

दाणे आणि धागे

गोष्ट सुरू होते जर्मनीत, लाइपझिगमध्ये. रिखार्ड आल्टमान नावाचे शरीररचनेचे अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवून बघत होते. जवळजवळ प्रत्येक पेशीत त्यांना बारीक दाणे दिसले. १८९० साली त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की हे दाणे म्हणजे स्वतंत्र जीव आहेत, पेशीच्या आत राहणारे, आणि त्यांना 'बायोब्लास्ट' असं नाव दिलं. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. काहींच्या मते ते दाणे म्हणजे रंगवण्याच्या प्रक्रियेतून उरलेला कचरा होता.

याच आल्टमान यांनी त्याच्या वर्षभर आधी, १८८९ मध्ये, 'न्यूक्लिक ॲसिड' हा शब्द वापरात आणला होता. म्हणजे डीएनए ज्या रसायनांच्या कुळातला, त्या कुळाचं नाव त्यांचं, आणि तंतुकणिकांचं पहिलं ठळक वर्णनही त्यांचं. या दोन गोष्टी एकत्र असतात, पहिली दुसरीच्या पोटात असते, हे कळायला पुढची सत्तरेक वर्षं जायची होती.

१८९८ साली बर्लिनच्या कार्ल बेंडा यांनी आज रूढ असलेलं नाव दिलं. ग्रीक 'मिटोस' म्हणजे धागा, 'कॉन्ड्रोस' म्हणजे दाणा. मराठीतला 'तंतुकणिका' हा शब्द याचाच सरळ अनुवाद. बेंडा तेव्हा काय बघत होते? शुक्राणू कसे तयार होतात ते. ज्या गोष्टीचा वारसा बापाकडून मुलाला मिळत नाही, तिचं बारसं झालं पुरुषबीज बघताना.

वीजघर

पुढची पन्नास वर्षं हे दाणे असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, करतात काय ते नव्हतं. १९४० च्या दशकात पेशी फोडून, वेगानं फिरवून तिचे भाग वेगळे करायचं तंत्र सुधारलं. शुद्ध तंतुकणिका परीक्षानळीत मिळू लागल्या. १९४९ च्या सुमारास शिकागोत यूजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवून दिलं की अन्नातल्या साखरेचं आणि चरबीचं शेवटचं ज्वलन इथेच होतं आणि त्यातून एटीपी हा ऊर्जेचा रेणू इथेच बनतो. १९५७ साली फिलिप सीकेविट्झ यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लेख लिहिला आणि त्याला 'पेशीचं वीजघर' या अर्थाचं शीर्षक दिलं. दोन मार्कांचं ते उत्तर तिथून आपल्या वहीत आलं.

वीजघर म्हटलं की आपल्या मनात मेंदू येतो, स्नायू येतात, पोट येत नाही. पण पोटाचं काम नीट बघा. आतडं हा लांबलचक स्नायू आहे, दिवसरात्र आकुंचन पावणारा. त्याला चालवणारं मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं आहे. आतड्याच्या अस्तरातली प्रत्येक पेशी क्षार आणि साखर आत ओढायला पंप चालवते आणि तो पंप एटीपीवर चालतो. स्वादुपिंड रोज पाचक रसांमधली प्रथिनं नव्यानं तयार करतं. यकृताचं तर विचारूच नका. आणि तान्ह्या बाळात हे सगळं दुपटीच्या घाईनं चालतं, कारण पहिल्या पाच-सहा महिन्यांत त्याला जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायचं असतं.

अशा घरातली वीज गेली तर? दूध गिळायला त्रास. उलट्या. आतडं पुढे ढकलतच नाही म्हणून फुगलेलं पोट, किंवा शोषतच नाही म्हणून जुलाब. स्वादुपिंड रस सोडत नाही म्हणून दुधातली चरबी न पचता तशीच शीमध्ये. ताईच्या घरी सगळ्यांनी महिनोन्‌महिने पाहिलेली ती तेलकट शी म्हणजे हेच होतं. दुधात कस होता. तो उतरवून घ्यायला बाळाकडे वीज नव्हती.

आजार आधी, कारण नंतर

वीजघर बिघडून माणूस आजारी पडतो हे पहिल्यांदा सिद्ध झालं स्वीडनमध्ये. स्टॉकहोमच्या रोल्फ लुफ्ट यांच्याकडे पस्तिशीची एक बाई आली. लहानपणापासून तिला दरदरून घाम यायचा, प्रचंड भूक लागायची, आणि कितीही खाल्लं तरी ती हाडकुळीच राहायची. थायरॉइड वाढलं असेल असं वाटावं, पण थायरॉइड व्यवस्थित होतं. लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी तिच्या स्नायूचा तुकडा घेऊन तंतुकणिका तपासल्या. त्या इंधन जाळत होत्या, पण एटीपी बनवण्याशी त्या जळण्याचा मेळ राहिला नव्हता. सगळं उष्णतेत वाया. १९६२ साली हे प्रसिद्ध झालं आणि 'मायटोकॉन्ड्रियल आजार' या कल्पनेचा जन्म झाला.

तिची तक्रारही मुळात तीच होती, खाल्लेलं अंगी लागत नाही.

पण बाळांमधले हे आजार डॉक्टरांनी त्याआधीच पाहिले होते, फक्त कशामुळे होतात ते कळलं नव्हतं. १९३१ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड अल्पर्स यांनी मेंदू झपाट्यानं झिजलेल्या एका तान्ह्या मुलीचं वर्णन केलं. पुढे लक्षात आलं की अशा मुलांचं यकृतही निकामी होतं. १९५१ मध्ये लंडनच्या डेनिस ली यांनी सात महिन्यांच्या एका मुलाच्या मेंदूतले बदल नोंदवले. आज 'ली सिंड्रोम' म्हणतात तो हा आजार. त्याची सुरुवात पुष्कळदा दूध ओढता न येणं, उलट्या आणि वजन न वाढणं यांनीच होते. त्या काळी बाळं गेली, शवविच्छेदन झालं, नाव दिलं गेलं. आयांना काय सांगितलं गेलं असेल, ते कुठे लिहिलेलं नाही.

वारेतली अक्षरं

१९६३ साली स्टॉकहोममध्येच मार्गिट आणि सिल्व्हन नास या जोडप्यानं कोंबडीच्या गर्भातल्या तंतुकणिकांत बारीक धागे पाहिले. ते डीएनए होतं. केंद्रकाच्या बाहेर, वीजघराच्या आत, स्वतंत्र डीएनए. चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, लिन मार्ग्युलिस या तरुण संशोधिकेनं सविस्तर मांडणी केली की तंतुकणिका म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरलेले आणि तिथेच स्थायिक झालेले जीवाणू. तो लेख डझनभराहून जास्त नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. आल्टमान यांचे 'पेशीतले स्वतंत्र जीव' मूळ अर्थानं नसले तरी निराळ्या अर्थानं खरे ठरले.

हे डीएनए आईकडून येतं, हे माणसात १९८० मध्ये दाखवलं गेलं. शुक्राणूसोबत काही तंतुकणिका बीजांडात शिरतात, पण त्या नष्ट केल्या जातात. १९८१ मध्ये केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या या डीएनएचा पूर्ण मजकूर वाचला गेला, १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं. केंद्रकातल्या तीन अब्ज अक्षरांपुढे ही एक चिठ्ठीच. वाचण्यासाठी डीएनए मुख्यतः कुठून घेतलं होतं? एका वारेतून. १९८७ मध्ये रिबेका कॅन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १४७ जणांच्या या डीएनएची तुलना करून आपली सगळ्यांची आईची रेषा आफ्रिकेपर्यंत नेली, तेव्हाही त्यांच्याकडचे नमुने जवळजवळ सगळे वारेचेच होते.

आपण म्हणतो, 'जिथं नाळ पुरली ते गाव'. बाळंतपणानंतर जी वार खड्डा करून पुरायची, तिच्यातच माणसाच्या इतिहासाची ही चिठ्ठी सापडली. मला हे वाचून बरं वाटलं, आणि लगेच ताई आठवली. कारण आईची ही रेषा कौतुकानं सांगणारे लेख भरपूर आहेत. तीच रेषा आजाराच्या बाबतीत आली की तिचा आरोप होतो.

चार मुलं

१९७९ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाचे बालरक्तविकारतज्ज्ञ हॉवर्ड पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या चार मुलांबद्दल लिहिलं. चौघांना लहानपणीच औषधांना न जुमानणारा रक्तक्षय होता. मगजातल्या पेशींत पोकळ्या दिसत होत्या, तयार होणाऱ्या लाल पेशींत लोह चुकीच्या जागी साठलं होतं. आणि त्याच्या जोडीला स्वादुपिंड पाचक रस नीट सोडत नव्हतं. रक्त आणि पचन, दोन वेगळ्या डॉक्टरांचे दोन विषय. एकाच बाळात दोन्ही का बिघडावेत, याचं उत्तर तेव्हा नव्हतं.

१९८८ हे वर्ष निर्णायक ठरलं. लंडनमध्ये इयन होल्ट, अनिता हार्डिंग आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांनी स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांत तंतुकणिकेच्या डीएनएचे मोठे तुकडे गळालेले दाखवले. अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटानं अचानक अंधत्व आणणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचं मूळ याच डीएनएमधल्या एका अक्षराच्या बदलात शोधलं. आणि पुढच्या एक-दोन वर्षांत पॅरिसमध्ये अनेस रोतिग, आर्नोल्ड म्युनिख आणि सहकाऱ्यांनी पिअरसन सिंड्रोमच्या बाळांत तेच पाहिलं. डीएनएच्या वर्तुळातून मोठा तुकडा गायब. पुष्कळदा गळणारा तुकडा असतो ४,९७७ अक्षरांचा, म्हणजे चिठ्ठीचा जवळजवळ तिसरा हिस्सा फाटलेला. १९९४ मध्ये पॅरिसमधूनच आणखी एक नोंद आली. दीर्घकाळच्या जुलाबांनी आजारी असलेल्या, आतड्याच्या अस्तराचे अंकुर झिजलेल्या मुलांत कारण म्हणून हाच प्रकारचा बिघाड निघाला होता.

प्रत्येक पेशीत या चिठ्ठीच्या शेकडो-हजारो प्रती असतात. काही धड, काही फाटक्या. फाटक्यांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की त्या अवयवाची वीज जाते. कोणत्या अवयवात किती फाटक्या प्रती जातील हे पेशी विभागताना ठरतं, पत्ते पिसून वाटल्यासारखं. म्हणून एकाच बाळात रक्त आणि स्वादुपिंड बिघडतं आणि डोळे मात्र टपोरे, हसरे असतात. भाचीचे होते.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर

आता उत्तर. ते तीन पायऱ्यांचं आहे.

पहिली. तंतुकणिका चालवायला जी प्रथिनं लागतात, त्यांतली फक्त १३ त्या आईकडून आलेल्या चिठ्ठीत लिहिलेली आहेत. उरलेली हजाराहून जास्त केंद्रकातल्या जनुकांत लिहिलेली असतात, आणि ती आई-बाप दोघांकडून येतात. बाळांमधले बहुतेक मायटोकॉन्ड्रियल आजार या दुसऱ्या प्रकारचे असतात. अल्पर्स यांच्या आजाराचं पोल्जी नावाचं जनुक त्यातलंच. ली सिंड्रोमही बऱ्याचदा तसाच. 'मायटोकॉन्ड्रियल म्हणजे आईकडून' हे वाक्य मुळातच अर्धवट आहे.

दुसरी. पिअरसन सिंड्रोममध्ये बिघाड चिठ्ठीतच असतो हे खरं. पण असा मोठा तुकडा गळणं बहुतेक वेळा नव्यानं घडतं, एखाद्या बीजांडात किंवा गर्भाच्या अगदी सुरुवातीला. आईच्या अंगात तो नसतो. ताईची तपासणी झाली. तिच्यात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या बाळात हे पुन्हा होण्याची शक्यता फार कमी.

तिसरी पायरी मी एकटीनं चढले, पुस्तकं मिटून. समजा तो बिघाड ताईकडूनच आला असता. तर? तिनं तो निवडला होता का? तिच्या आईनं, आमच्या आईनं, निवडला होता का? माझ्यात आणि ताईत तीच रेषा आहे. वारसा आणि दोष हे दोन शब्द आपण एकाच श्वासात म्हणतो, आणि म्हणताना समोर बाईच असते.

आनुवंशिक बिघाड खरोखर आईच्या रेषेत असतो अशा कुटुंबांसाठीही आता वाट निघते आहे. २०१५ मध्ये ब्रिटनच्या संसदेनं कायदा करून आईच्या बीजाचं केंद्रक दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका असलेल्या बीजांडात ठेवायला परवानगी दिली. जुलै २०२५ मध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी या पद्धतीनं आठ बाळं जन्मल्याचं जाहीर केलं. बरं करणारं औषध मात्र पिअरसनसाठी अजून नाही. भाचीला जेवणाबरोबर पाचक रसांची पूड दिली जायची, रक्तातलं आम्ल वाढलं की त्यावर उपचार, आणि दर काही आठवड्यांनी रक्त. त्या पुडीनं शी घट्ट झाली. वजन सहा किलोच्या पुढे गेलं. ती बसायला लागली. "ताई" म्हणायला शिकली, कारण सगळे तिच्या आईला तेच म्हणायचे.

इथे एक सांगायला हवं. तुमच्या घरी बाळ दूध काढत असेल तर हे वाचून घाबरू नका. बाळांच्या उलट्यांची, जुलाबांची कारणं बहुतेक वेळा साधी असतात आणि ती बरी होतात. मायटोकॉन्ड्रियल आजार सगळे वयोगट धरून साधारण ५,००० माणसांत एखाद्याला असतो. पण पोटाच्या तक्रारीसोबत रक्त कमी, यकृत सुजलेलं, झटके, मलूलपणा असं दुसऱ्या कुठल्यातरी अवयवाचं दुखणं असेल, तर "हे सगळं एकाच कारणानं असेल का?" हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा. नाव लवकर कळण्याला महत्त्व आहे. अल्पर्स असलेल्या मुलाला झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएट दिलं तर यकृत कोसळू शकतं. पिअरसन असलेल्या बाळाला मी वर सांगितलेली पूड महिनोन्‌महिने आधी मिळू शकते.

भाची अडीच वर्षांची होऊन गेली. साधा ताप आला होता.

तेराव्यानंतर मी ताईकडे राहिले होते. दुपारी सासूबाईंच्या शेजारी बसून मी त्यांना मोबाइलवर आकृती दाखवली. तंतुकणिका, वर्तुळ, गळलेला तुकडा. ताईच्या तपासणीचा कागद वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "माझा पहिला मुलगा चौथ्या महिन्यात गेला. जुलाबानं. तेव्हा मला पण हेच सांगितलेलं, दुधात कस नाही म्हणून."

तो मुलगा कशानं गेला, हे आता कधीच कळणार नाही. त्याचा कुठला कागद नाही, फोटोही नाही. पन्नास वर्षं त्या दोष स्वतःकडे ठेवून राहिल्या आणि सून आल्यावर तोच तिच्या हातात दिला, कारण त्यांना दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी ताईला चहा करून दिला. "हे कागद नीट ठेव," म्हणाल्या, "पुढे कुणी काही बोललं तर दाखवायला." ताईनं ते कपाटात, भाचीच्या झबल्यांच्या खाली ठेवलेत.